साभार पोच आणि परीक्षण

मराठी नियतकालिकांच्या मागच्या पानांवर पूर्वीपासून 'साभार पोच' या मथळ्याखाली एक छोटी यादी छापण्याची रीत आहे. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि मूल्य, एवढाच तिच्यातला मजकूर. पुस्तक पोहोचले, आभारी आहोत, इतकेच ती सांगते. मालाची गाडी दारात उतरल्यावर पावतीवर सही करावी, तसा हा व्यवहार. त्या सहीवरून माल कसा आहे ते कळत नाही, आणि ते कळावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. अडचण उभी राहते ती हीच पोच दोन पाने लांबवून, तिला विशेषणांची जर लावून, 'पुस्तक परिचय' म्हणून छापली जाते तेव्हा.

समाजाच्या मासिकांतून असे परिचय वारंवार दिसतात आणि त्यांच्यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो. लेखक बहुधा ओळखीतला असतो. कधी व्याही, कधी पेढीशी जुना संबंध असलेला, कधी मंदिराचा विश्वस्त. पुस्तक घरातील एखाद्या दिवंगत वडीलधाऱ्या व्यक्तीच्या स्मरणार्थ छापलेले असते. पहिल्या पानावर तिचे छायाचित्र असते, त्याखाली दातारांची नावे असतात. प्रकाशनसमारंभात शाल-श्रीफळ देऊन झालेले असते. अशा पुस्तकाविषयी 'तिसऱ्या प्रकरणानंतर विषय भरकटतो' असे लिहिणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसून भाजीत मीठ कमी असल्याचे मोठ्याने सांगणे, असे लिहिणाऱ्याला वाटते. मग तो जपून शब्द निवडतो. ओघवती शैली, प्रेरणादायी चिंतन, प्रत्येक घरी संग्रही असावे असे पुस्तक. हे शब्द कोणत्याही पुस्तकाला इतके बेमालूम बसतात की वरचे नाव बदलले तरी खालचा परिचय तसाच चालून जातो.

ज्या घरांत हे मासिक वाचले जाते त्या घरांतील माणसे दुकानात मात्र असे वागत नाहीत. ज्वारीच्या पोत्यात टोकदार पोकळ सळई खुपसून मूठभर दाणा तळहातावर घेतल्याशिवाय आडत्या भाव बोलत नाही. कापडाचा व्यापारी ताका उलगडून उजेडाकडे धरतो. सराफ कसोटीच्या दगडावर रेघ ओढल्याखेरीज सोन्याला सोने म्हणत नाही. 'आमच्याकडचा सगळाच माल उत्तम' असे सांगणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक दुसऱ्यांदा चढत नाही, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांनीच पुस्तकांच्या बाबतीत सगळा माल उत्तम म्हणावा, हे नवल आहे. त्याची किंमतही मोजावी लागते. मासिकातील स्तुती वाचून चातुर्मासात वाचण्यासाठी म्हणून सुनेने एखादे पुस्तक मागवावे, विसाव्या पानावर ते मिटावे, आणि पुढच्या महिन्यात खरोखरच चांगल्या पुस्तकावर आलेले लेखन तिने न वाचताच पान उलटावे. खोट्या स्तुतीचा तोटा अखेरीस चांगल्या पुस्तकाच्या खाती पडतो.

वाचकाने लिहिलेले परीक्षण म्हणजे विद्वानाच्या समीक्षेची दुबळी नक्कल, असाही एक समज या संकोचामागे असतो. 'आमचा काय अधिकार?' हा प्रश्न विशेषतः घरातील स्त्रिया विचारतात, ज्यांनी दुपारच्या निवांत वेळेत दुकानात बसणाऱ्या पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक वाचलेले असते. वाङ्मयप्रकार, आकृतिबंध, परंपरेतील स्थान यांविषयी बोलण्याचा ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी ते अवश्य बोलावे. वाचकाचे भांडवल निराळे असते. ते कोणते, हे एखाद्या खऱ्या पुस्तकावर पारखून पाहिले तर लवकर उमगते, आणि जैन व्यापारी घराला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

बनारसीदास हे नाव स्वाध्याय करणाऱ्या अनेक घरांत 'समयसार नाटक' या ग्रंथामुळे परिचित आहे. श्रीमाळ ज्ञातीतील हा जवाहिऱ्या १५८६ साली जौनपूरला जन्मला. घराणे श्वेतांबर खरतरगच्छाचे. पुढे आग्र्यात अध्यात्मचर्चेच्या मंडळीत तो रमला आणि दिगंबर ग्रंथांकडे वळला. १६४१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्याने स्वतःची जीवनकथा ६७५ पद्यांत लिहून काढली. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे धरले तर आपले निम्मे सरले, म्हणून तिचे नाव 'अर्धकथानक'. भारतीय भाषांतील आरंभीच्या आत्मचरित्रांत तिची गणना होते. नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये ती मुंबईहून प्रसिद्ध केली आणि १९८१ मध्ये मुकुंद लाठ यांचा अभ्यासपूर्ण इंग्रजी अनुवाद आला.

या पुस्तकाची पोच लांबवून लिहायची झाली तर ती 'थोर जैन कवीचे प्रेरणादायी आत्मचरित्र' अशी सुरू होईल. त्यातला एकही शब्द खोटा नाही, आणि तरीही वाचणाऱ्याची फसगत होईल. कारण या पुस्तकातला थोर कवी तारुण्यात घरची शिस्त झुगारून प्रेमप्रकरणांत रंगतो, त्यातून आजारी पडतो. एक वर्ष मंत्र जपल्यास रोज दारात सोन्याचे नाणे सापडेल, असे सांगणाऱ्या संन्याशाच्या नादी लागतो आणि वर्षभर तो मंत्र जपतो. वडिलांनी विश्वासाने सोपवलेला माल आग्र्यात घालवून बसतो. प्रेरणेच्या आशेने पुस्तक उघडणारा पहिल्या काही पानांतच गोंधळेल. विद्वानांचा परिचय यापेक्षा पुष्कळ खरा असतो. तो भाषेविषयी सांगतो, मोगल काळातील व्यापारी मार्गांविषयी सांगतो, १६०५ साली अकबराच्या मृत्यूची वार्ता ऐकून बनारसी जिन्यावरून कोसळला तो प्रसंग उद्धृत करतो. ते सर्व मोलाचे आहे. पण पेढीवर बसणाऱ्या वाचकाची नजर बहुधा दुसरीकडेच थांबेल.

ती थांबेल आग्र्यातल्या उधारीवर. वडिलांनी जवाहीर, तूप, तेल आणि कापड देऊन मुलाला व्यापाराला पाठवलेले आहे. तूप-तेलात नफा नाही. इजारीच्या नाडीत बांधलेली रत्ने नाडी तुटून पडतात. हळूहळू सगळे विकले जाते आणि बनारसी बाजारात जाणेच बंद करतो. रात्री घरी बसून 'मधुमालती' आणि 'मृगावती' या दोन पोथ्या वाचतो. दहा-वीस माणसे ऐकायला जमतात. त्यांत रोज येणारा एक कचोरीवाला असतो. त्याच्या दुकानातून बनारसी सकाळ-संध्याकाळ कचोरी उधार घेतो, आणि त्या आहाराला मोठ्या गांभीर्याने 'प्रासुक' म्हणतो. जैन वाचकाला या एका शब्दावर हसू आल्याशिवाय राहणार नाही, आणि हे हसू कोणत्याही इतिहासग्रंथाच्या तळटीपेत सापडायचे नाही. पुढे एके दिवशी तो कचोरीवाल्याला एकांतात गाठून सांगतो की उधारी फार झाली, आता देऊ नका, माझ्यापाशी काहीच उरलेले नाही. कचोरीवाला म्हणतो, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, कोणी काही विचारणार नाही. असे सहा-सात महिने चालते. हातात पैसा आल्यावर हिशेब होतो तेव्हा आकडा निघतो चौदा रुपयांचा.

प्राध्यापक येथे लोककथांच्या वाचनपरंपरेचा पुरावा पाहील. दुकानदार विचारील की या माणसाने उधार दिले ते कशावर? गहाण काही नव्हते, जामीन नव्हता, परगावचा बुडालेला माणूस होता. कचोरीवाल्याने त्याला रोज रात्री पोथी वाचताना ऐकले होते, एवढेच. अशा एखाद्या उधारीची नोंद, वसूल झालेली किंवा कायमची सोडून दिलेली, बहुतेक जुन्या पेढ्यांच्या वह्यांत सापडते. तिच्याशी या प्रसंगाची गाठ घालून देणे, हे वाचकाच्या परीक्षणाचे खरे काम आहे. ते करायला पदवी लागत नाही. पुस्तक नीट वाचलेले असावे लागते आणि स्वतःच्या आयुष्याकडे नीट पाहिलेले असावे लागते.

त्याच पुस्तकात भागीदारीचा हिशेब मिटवण्यासाठी बनारसी एका बड्या सावकाराच्या दारी खेटे घालतो. तिथे सदैव गाण्याबजावण्याची मैफल आणि खुशमस्कऱ्यांची गर्दी. 'उद्या पाहू' याखेरीज उत्तर मिळत नाही. ज्याने मोठ्या गिऱ्हाइकाकडे थकलेल्या बिलासाठी बाकावर बसून दुपारी काढल्या आहेत, त्याला या पद्यांचा अर्थ टीकेवाचून लागेल. घरातील स्त्री कदाचित आणखी वेगळ्या जागी थांबेल. कफल्लक होऊन सासरी आलेल्या बनारसीला त्याची पत्नी स्वतःजवळ साठवलेले वीस रुपये देते, आईच्या कानावर घालते आणि आई दोनशे रुपये देते. जावयाची अब्रू झाकून, पुरुषांच्या कानावर न जाता झालेला हा व्यवहार कोणत्या घराला परका आहे? आणि शेवटी तो नऊ मुलांचा मृत्यू. सात मुलगे, दोन मुली. एकही राहिले नाही. बनारसी हे अगदी मोजक्या शब्दांत सांगतो. पानगळीनंतर झाडाचे नुसते खुंट उरावेत तसे दोघे पती-पत्नी उरलो, एवढेच त्याचे म्हणणे. येथे परीक्षण लिहिणाऱ्याने 'हृदयद्रावक' हा शब्द लिहू नये. प्रसंग सांगावा आणि पुढे जावे.

मात्र गुण सांगून झाल्यावर लेखणी खाली ठेवणे योग्य नाही. 'अर्धकथानका'त कंटाळवाणा भाग आहे. गावांची नावे, तिथी आणि प्रवासाचे मुक्काम काही ठिकाणी एकापाठोपाठ येत राहतात. जुनी बोली मराठी वाचकाला हिंदी टीपांच्या आधारानेच वाचावी लागते, त्यामुळे आरंभीची पाने अडखळत जातात. ज्या पत्नीने वीस रुपये दिले तिच्या मनात त्या रात्री काय होते, हे कळत नाही. हे सगळे स्पष्ट लिहिले म्हणून बनारसीदासांचा अवमान होत नाही, आणि याची साक्ष स्वतः तोच देतो. ग्रंथाच्या अखेरीस त्याने आपल्या गुणांची यादी दिली आहे आणि तिच्याच शेजारी दोषांची. थोड्या नफ्याने हरखून जाणे, थोड्या तोट्याने काळजीत पडणे, जप-तपाकडे दुर्लक्ष, एवढेच काय, एकांत मिळाला की नाचू लागणे, हेही त्याने लिहून ठेवले आहे. मग तो माणसांचे तीन वर्ग सांगतो. दुसऱ्याचे दोष झाकून गुणच सांगणारे आणि स्वतःचे मात्र दोषच सांगणारे ते उत्तम. दुसऱ्याचे दोष आणि स्वतःचे गुण सांगत फिरणारे ते अधम. दुसऱ्याचे काय आणि आपले काय, गुण-दोष दोन्ही सहजपणे सांगणारे ते मध्यम. आणि आपण त्यांच्यापैकी, असे तो म्हणतो.

परीक्षण लिहिणाऱ्याने या मध्यम वर्गात समाधानाने बसावे. उत्तम पुरुषाची वृत्ती साधूला शोभते. पण पुस्तकावर तीनशे रुपये खर्च करू की नको, असे विचारणाऱ्या वाचकाला ती काहीच सांगत नाही. अधमाविषयी फार लिहायला नको. लेखकाच्या घरातील भांडण, संघातील गटबाजी किंवा जुना पैशाचा वाद पुस्तकाच्या निमित्ताने उकरून काढणारी परीक्षणे वाचणाऱ्याला चार ओळींत ओळखू येतात. दोष पुस्तकाचा असावा, आणि तो कोणत्या पानावर दिसला हे सांगता आले पाहिजे.

धार्मिक पुस्तकांच्या बाबतीत संकोच आणखी वाढतो. ज्ञानाची आशातना होईल, अशी भीती वाटते. ती भीती आदरातून येते, म्हणून तिची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु आगमवचन आणि त्या वचनावर आजच्या एखाद्या लेखकाने लिहिलेले दीडशे पानी विवेचन यांत अंतर आहे. मूळ गाथा चुकीची छापली गेली, अर्थ उलटा लागला, एका आचार्यांचे मत दुसऱ्याच्या नावावर गेले, तर गप्प राहण्यानेच अधिक आशातना होते. जुन्यांनी हे ओळखले होते. पाटण, जैसलमेर, कारंजा येथील भांडारांतून जतन झालेल्या हस्तलिखितांसारख्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक पुष्कळदा सांगतो की समोरच्या प्रतीत जसे पाहिले तसे उतरवले आहे, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नये. कितीतरी ग्रंथकारांनी प्रशस्तीत जाणकारांना विनंती केली आहे की चूक आढळल्यास सुधारून घ्यावी. ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला ज्या पोथीपुढे हात जोडले जातात, त्याच पोथीने आपल्या वाचकाला तपासण्याचा अधिकार देऊन ठेवला आहे.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचनेनंतर लगेच पृच्छना येते, म्हणजे शंका विचारणे. आणि स्वाध्याय हा तर अंतरंग तपाचा भेद. बहुतेक पुस्तक परिचय पहिल्या पायरीवरून थेट पाचव्या पायरीवर उडी मारतात. वाचले, आणि लगेच सर्वांनी वाचावे असा उपदेश केला. मधल्या पायऱ्यांवरच परीक्षण जन्म घेते. पुस्तकाला काय विचारावेसे वाटले, उत्तर मिळाले का, मिटल्यावर आठ दिवसांनी त्यातले काय मनात घोळत राहिले? हे आठ दिवस फार महत्त्वाचे. पुस्तक संपवल्याच्या रात्री लिहिलेल्या परीक्षणात उत्साह असतो. आठवड्याने लिहिलेल्यात निवड असते.

अनेकांताचा आधार घेऊन काही जण मत देण्याचेच टाळतात. प्रत्येकाची दृष्टी वेगळी, ज्याला जे रुचेल ते, असे म्हणून लेख संपवतात. हा त्या सिद्धांताचा सोयीस्कर अर्थ झाला. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे. 'विशिष्ट अपेक्षेने' असा त्याचा अभिप्रेत अर्थ आहे. कोणत्या बाजूने पाहतो ते आधी सांगावे आणि मग त्या बाजूने जे दिसते ते निःशंक सांगावे, असा त्याचा आग्रह आहे. कर्मसिद्धांतावरील एखादे पुस्तक पाठशाळेतल्या मुलाच्या अपेक्षेने अवघड आहे, ज्याने विषयाची ओळख करून घेतली आहे त्याच्या अपेक्षेने उपयुक्त आहे, आणि ज्याचा अभ्यास पुढे गेला आहे त्याला त्यात नवे काही नाही. ही तीन वाक्ये एकाच परीक्षणात सुखाने नांदतात. 'सर्वांनी वाचावे' या एका वाक्याने मात्र तिघांपैकी दोघांची निराशा ठरलेली असते.

प्रवचनसंग्रहांविषयी एक गोष्ट वेगळी नोंदवायला हवी, कारण समाजात सर्वाधिक पुस्तके त्याच प्रकारची निघतात. बोललेला शब्द कागदावर उतरला की त्याचा आवाज, थांबणे, समोरच्या श्रोत्याकडे पाहून दिलेला दाखला हे सर्व गळून पडते, आणि तीच गोष्ट तीन प्रवचनांत तीनदा आली तर श्रोत्याला न खटकलेली पुनरुक्ती वाचकाला खटकते. हा दोष बहुधा संपादनाचा असतो, महाराजसाहेबांचा नसतो. परीक्षणाने तसे नेमके लिहिले तर पुढची आवृत्ती सुधारू शकते.

काही साध्या गोष्टी विद्वान लिहीत नाहीत, म्हणून वाचकाने लिहाव्यात. अक्षराचा आकार सत्तरीच्या आजोबांना वाचता येईल इतका मोठा आहे का, बांधणी उलगडून ठेवता येते की पाने सुटतात, अनुवाद असेल तर तो मराठीत बोलतो की मूळ गुजराती वा हिंदी वाक्ये मराठी शब्दांत अडकून पडली आहेत, पारिभाषिक शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत का. कथानकाचा शेवट मात्र सांगू नये. नमुन्यासाठी मूठभर दाणा पुरतो. पोते रिकामे करून दाखवण्याचे कारण नाही. एवढे सर्व चारशे-पाचशे शब्दांत सहज मावते, आणि मासिकाच्या संपादकांना त्याहून अधिक जागा देणे परवडतही नाही.

त्यांना एक गोष्ट मात्र परवडण्याजोगी आहे. एकाच पुस्तकावर दोन वाचकांची मते परस्परविरुद्ध आली, तर त्यांतले सौम्य मत निवडून दुसरे बाजूला ठेवू नये. 'अर्धकथानक' पेढीवरच्या माणसाने वाचले तर ते उधारी आणि भागीदारीचे पुस्तक ठरेल, आणि त्याच्या आईने वाचले तर ते मुले गमावलेल्या आईचे, जिच्याविषयी पुस्तक फारसे बोलत नाही. दोन्ही परीक्षणे समोरासमोरच्या पानांवर छापली तर दोनच पाने खर्ची पडतील. 'साभार पोच' त्यांच्या खाली, नेहमीच्या बारीक अक्षरात, पूर्वीसारखीच छापता येईल.